भरपाई दिली गेली, मालकांना

गुलामगिरीच्या भरपाईचा विषय निघाला की पहिला आक्षेप ठरलेला असतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या यातनांची किंमत आज कोण लावणार, आणि कशी? आक्षेप बिनतोड वाटतो खरा, पण ती किंमत केव्हाच लावून झाली आहे आणि पैसेही चुकते झाले आहेत. १८३३ साली ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला, त्यातच भरपाईपोटी २ कोटी पौंडांची तरतूद केली. सरकारच्या तेव्हाच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के रक्कम. आयोग नेमला गेला. १८२३ ते १८३० या काळात कुठल्या वसाहतीत माणूस सरासरी काय भावाने विकला जात होता, याचे हिशेब झाले. शेतावर राबणारा, कारागीर, घरकाम करणारी, सहा वर्षांखालचं मूल, थकलेला म्हातारा अशा वर्गवाऱ्या पाडून प्रत्येकीचा दर ठरला. अर्ज आले, वारसांची भांडणं झाली, गहाण घेणाऱ्यांनी आपला वाटा मागितला. कागदोपत्री हे काम इतकं चोख झालं की कुणाला किती मिळाले, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांना आज नावानिशी सांगता येतं. सुमारे ८ लाख माणसं गुलामीतून सुटली आणि त्यांच्याबद्दलचा पैसा त्यांच्या मालकांच्या खिशात गेला.

सुटलेल्यांना दमडीही मिळाली नाही. उलट, ‘उमेदवारी’ म्हणून आणखी काही वर्षं त्याच मालकाकडे, आठवड्याचा बहुतेक वेळ बिनपगारी राबण्याची सक्ती झाली. म्हणजे मालकाची भरपाई दोन हप्त्यांत झाली. एक हप्ता ब्रिटिश तिजोरीने रोखीत दिला आणि दुसरा गुलामांनी अंगमेहनतीने फेडला.

तेव्हा भरपाई ही आजच्या कुणा चळवळ्याने काढलेली टूम नव्हे. ते खातं ब्रिटिश राज्यानेच उघडलं आणि रक्कम चुकीच्या माणसाच्या नावावर जमा केली. आज कॅरिबियन देश, हैती किंवा अमेरिकेतले काळे नागरिक जे मागत आहेत, ते दयेपोटी काही द्या असं नाही. त्या नोंदीची दुरुस्ती मागताहेत.

हा मुद्दा बहुधा अमेरिकेवरून मांडला जातो. मला तो मॉरिशसवरून मांडायचा आहे, कारण तिथल्या हिशेबात आपलीही माणसं आहेत. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतून मुंबई बंदरावाटे गेलेल्या मजुरांचे वंशज आजही तिथे स्वतःला मराठी म्हणवतात. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, शाळांत मराठी शिकवली जाते. आपल्याकडे वर्तमानपत्रांत, दिवाळी अंकांत मॉरिशसची कहाणी येते ती साधारण अशी: बोटीचा प्रवास, उसाचा मळा, मुकादमाचा चाबूक, काटकसर, मुलांचं शिक्षण आणि अखेर मंत्रिपद. त्यातलं काही खोटं नाही. फक्त ती कहाणी १८३४ साली सुरू होते, आणि त्याआधी त्याच मळ्यांवर शंभर वर्षं कोण राबत होतं हे तिच्यात येत नाही.

त्याआधी तिथे फ्रेंच होते. १७१५ मध्ये त्यांनी बेट ताब्यात घेतलं, नाव ठेवलं ईल द फ्रान्स. १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या माहे द ला बूर्दोनेने पोर्ट लुईचं बंदर, गोदामं, रुग्णालय, रस्ते उभे केले असं पाठ्यपुस्तकं सांगतात. उभे केले ते गुलामांनी. ही माणसं मुख्यतः मादागास्कर आणि मोझांबिकहून आणली जात, काही भारतातूनही. मोझांबिकचं पोर्तुगीज राज्य १७५२ पर्यंत गोव्यातून चालत होतं, हे आपण सहसा आठवत नाही. १७२३ साली या बेटांसाठी जे फ्रेंच फर्मान निघालं, त्यात पळून जाणाऱ्या गुलामाची शिक्षा पायरीपायरीने लिहिलेली आहे: पहिल्यांदा पळाला तर कान कापून खांद्यावर डाग, दुसऱ्यांदा पळाला तर पायाची शीर तोडायची, तिसऱ्यांदा मृत्युदंड. फ्रेंच राज्यक्रांतीने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली. ते फर्मान घेऊन बाको आणि बुर्नेल हे दोन सरकारी प्रतिनिधी १७९६ मध्ये बेटावर उतरले, तेव्हा मळेवाल्यांनी त्यांना परत बोटीत बसवून हाकलून दिलं. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तिन्ही शब्द बंदरावरूनच माघारी गेले. पुढे १८०२ मध्ये नेपोलियनने गुलामगिरी पुन्हा कायदेशीर केली आणि मळेवाल्यांची ती चिंताही मिटली.

१८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकलं. शरणागतीच्या अटींत रहिवाशांची मालमत्ता, धर्म आणि कायदे जसेच्या तसे राहतील असं वचन दिलं. मालमत्तेत माणसं आलीच. गुलामांचा व्यापार ब्रिटिश साम्राज्यात १८०७ पासून बेकायदा होता, तरी इथे तो चोरटेपणाने आणखी बरीच वर्षं चालू राहिला. १८३२ मध्ये गुलामगिरीविरोधी म्हणून नाव असलेला जॉन जेरेमी हा सरकारी वकील लंडनहून आला, तर मळेवाल्यांनी पोर्ट लुई बंद पाडलं आणि गव्हर्नरने त्यालाच परत पाठवला. या मंडळींचा पुढारी होता आद्रियाँ देपिने, वकील आणि ‘ल सेर्नेआँ’ या पत्राचा संस्थापक. त्याने लंडनला जाऊन मालकांच्या भरपाईसाठी रदबदली केली. त्याचा पुतळा पोर्ट लुईच्या कंपनी बागेत उभा आहे. घडवला त्याच्याच मुलाने. भरपाई मागणं म्हणजे फुकटेपणा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा पुतळा लक्षात ठेवावा. भरपाई मागणाऱ्याचा मान राखून उभारलेली एवढी ठळक खूण माझ्या तरी पाहण्यात दुसरी नाही.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. तेव्हा बेटावर ६६ हजारांहून अधिक गुलाम होते. मालकांच्या वाट्याला आले सुमारे २१ लाख पौंड. एवढी रोकड त्या बेटाने कधी पाहिली नव्हती. मॉरिशस कमर्शियल बँक १८३८ मध्ये स्थापन झाली, म्हणजे हा पैसा बाजारात खेळत होता त्याच काळात. मळे वाढले, नव्या गिरण्या आल्या. आणि मजूर आले.

इथे आपला संबंध येतो, म्हणून जरा थांबून पाहिलं पाहिजे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ नावाचं जहाज ३६ भारतीय मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. गुलामी संपायला अजून तीन महिने होते. मळेवाल्यांना पुढचं दिसत होतं. साखरेचा भाव चांगला होता, १८२५ पासून मॉरिशसच्या साखरेला ब्रिटनमध्ये वेस्ट इंडीजच्या बरोबरीचा कर लागू झाला होता. उमेदवारी संपली की सुटलेली माणसं मजुरी ठरवायला बसणार, मुकादमाच्या डोळ्याला डोळा भिडवून दर सांगणार. ती वेळच येऊ नये म्हणून भारतातून माणूस आणायचा. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना ५ रुपये आणि शिधा, एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांचा पगार कापायचा. पुढच्या आठ दशकांत अशी साडेचार लाखांच्या घरात माणसं त्या बेटावर उतरली. त्यांना आणायला भांडवल लागलं, आणि भांडवलाचा मोठा झरा होता भरपाईचा.

३१ मार्च १८३९ ला उमेदवारी संपली, तेव्हा मॉरिशसचे आफ्रिकी आणि मालागासी (मादागास्करच्या) वंशाचे लोक मळे सोडून निघाले. त्यांना आळशी म्हटलं गेलं, अजूनही म्हटलं जातं. ज्या जागेवर आपल्या आईच्या पाठीवर चाबूक पडला त्या जागेवर ५ रुपयांत कोण राहील? काहींनी साठवलेल्या चार पैशांतून लहानसहान तुकडे घेतले, काही किनाऱ्याला जाऊन मासेमारी करू लागले. पण मजुरीच्या वाटाघाटीत त्यांच्या हातात जे एकमेव हत्यार होतं, की आमच्यावाचून ऊस तोडणार कोण, ते मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याहून येणाऱ्या जहाजांनी बोथट केलं. आपल्या कोकणातल्या माणसाने हे जाणूनबुजून केलं नाही. त्याला तर कुठे नेताहेत याचाही पत्ता नव्हता. पण मालकाने गुलामाच्या नावावर मिळालेल्या पैशातून आपला माणूस विकत आणला आणि त्याच माणसाकरवी गुलामाचा भाव पाडला. वारसा म्हणतात तो मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. जुने साखळदंड, कोठड्या संग्रहालयात जातात. मजुरीचा पडलेला भाव पिढ्यान्‌पिढ्या पोटात जातो.

कागदांचंच पाहा. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत करारी मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवलेल्या आहेत. मजुराचं नाव, बापाचं नाव, जात, गाव, जिल्हा, जहाज, पुढच्या काळात तर फोटोसुद्धा. आज मॉरिशसचा एखादा मराठी तरुण त्या वह्यांत खापरपणजोबा शोधून रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावात येऊ शकतो, देवळात नारळ वाढवू शकतो. अशी माणसं येतात, आपण त्यांचं कौतुकाने स्वागत करतो. तिथल्या क्रिओल, म्हणजे आफ्रिकी-मालागासी गुलामांच्या वंशातल्या, तरुणाने असाच शोध घेतला तर १८१७ ते १८३५ मधल्या गुलामांच्या नोंदवह्यांपाशी येऊन तो थांबतो. तिथे मालकाने ठेवलेलं नाव असतं, वय असतं, उंची असते, आणि ‘जाती’च्या रकान्यात ‘मोझांबिक’ किंवा ‘मालगाश’. एवढ्या मोठ्या देशातलं गाव कोणतं, भाषा कोणती, आईबाप कोण, काही नाही. दोघांच्याही पूर्वजांचा मळ्यावर छळ झाला. एकाची ओळख मजूर म्हणून नोंदली गेली, दुसऱ्याची मालमत्ता म्हणून.

राज्यघटनेने या गोष्टीवर आणखी एक थर चढवला. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा निवडणुकीसाठी समाजाचे चार गट पाडले गेले: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन, आणि ज्यांची जीवनपद्धती या तिघांत बसत नाही ते सगळे ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. गुलामांचे वंशज या चौथ्या रकान्यात गेले. गंमत पाहा, गुलामांच्या मालकांचे, फ्रेंच मळेवाल्यांचे वंशजही त्याच रकान्यात आहेत. लोकसंख्येत ते जेमतेम दोन टक्के, पण उसाच्या जमिनींचा मोठा हिस्सा अजून त्यांच्या कंपन्यांकडे आहे. दोघांची सरासरी काढली की क्रिओल वस्तीतली गरिबी आकड्यांतून गायब होते. १९७२ नंतर जनगणनेत समाजाचा रकानाच ठेवलेला नाही. ‘भरपाई द्यायची तर नेमकी कुणाला, ओळखणार कसं?’ असं विचारणाऱ्यांनी हेही सांगावं की ओळखता येऊ नये अशी सोय कुणी केली.

१९९३ मध्ये रॉजर सर्व्हो या कॅथलिक धर्मगुरूंनी ‘क्रिओल अस्वस्थता’ हा शब्द जाहीरपणे वापरला. त्याआधी या विषयावर कुजबुज होती, आता वाद सुरू झाला. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मृत सापडला. गांजा ओढल्याच्या आरोपावरून त्याला पकडलं होतं. बेटावर काही दिवस दंगली झाल्या, गोळीबारात आणि हाणामारीत माणसं मेली. पर्यटकांच्या जाहिरातींतलं इंद्रधनुष्यी बेट त्या आठवड्यात कुठेच दिसत नव्हतं. सत्तेवर तेव्हाही हिंदू बहुसंख्याकांचंच नेतृत्व होतं. स्वातंत्र्यापासून आजवर पंतप्रधानपद रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन घराण्यांबाहेर एकदाच गेलं, २००३ ते २००५ मध्ये पॉल बेरांजे यांच्याकडे, आणि तेही फ्रेंच वंशाचे.

त्यानंतर मॉरिशसने एक मोठी गोष्ट केली, जी ब्रिटनने किंवा फ्रान्सने आजवर केलेली नाही. २००८ मध्ये कायदा करून सत्य आणि न्याय आयोग नेमला. अध्यक्ष होते अॅलेक्स बोरेन, दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आयोगाचे उपाध्यक्ष राहिलेले. गुलामगिरी आणि करारी मजुरी या दोन्हींचे आजपर्यंतचे परिणाम तपासायचे, असं काम या आयोगाला होतं. नोव्हेंबर २०११ मध्ये अहवाल आला, चार खंडांचा. शिफारशी पुष्कळ आहेत, काही पार पडल्या. पोर्ट लुईच्या जुन्या लष्करी रुग्णालयात गुलामगिरीचं संग्रहालय झालं. अडकलं ते जमिनीपाशी.

आयोगापुढे तीनशेहून अधिक कुटुंबं एकच गाऱ्हाणं घेऊन आली: आमच्या पूर्वजांच्या नावावर जमीन होती, ती मळ्याने गिळली. मॉरिशसमध्ये फ्रेंच दिवाणी संहितेचा वारसा चालतो. तीस वर्षं निर्वेध वहिवाट दाखवली की जमीन वहिवाटणाऱ्याची. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव असूनही बांध सरकत जातो हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. तिथे बांध सरकवणारा साखर कारखाना होता आणि समोर निरक्षर, विखुरलेलं कुटुंब. मोजणीदाराची फी, वकिलाची फी, मूळ दस्ताच्या नकला, आणि सगळे कागद इंग्रजी-फ्रेंचमध्ये, बोलणारा क्रिओलमध्ये. आयोगाने या दाव्यांसाठी स्वतंत्र यंत्रणा हवी असं सांगितलं. पुतळे, स्मारकं, सुट्ट्या यावर कुणाचं एकमत व्हायला वेळ लागत नाही. करारी मजूर जिथे उतरत तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसास्थळ झाला, पळालेल्या गुलामांचा आसरा असलेला ल मोर्नचा डोंगर २००८ मध्ये. जमिनीच्या तुकड्याला हात घातला की मात्र सगळ्यांना इतिहास फार जुना वाटू लागतो.

आता आक्षेपांकडे येतो. ‘फार जुनी गोष्ट आहे’ हा त्यातला सगळ्यात कच्चा. १८३५ च्या भरपाईसाठी ब्रिटनने जे कर्ज उभारलं, ते शेवटी फिटलं २०१५ साली. ब्रिटिश अर्थखात्याने २०१८ मध्ये ट्विटरवरून हे मोठ्या अभिमानाने जाहीर केलं, आणि लोक चिडल्यावर मजकूर काढून टाकला. म्हणजे २०१५ पर्यंत जमैकाहून येऊन लंडनमध्ये बस चालवणारा, तिथल्या रुग्णालयात काम करणारी मॉरिशसची परिचारिका, तिथे नोकरी करून कर भरणारा पुण्याचा अभियंता, सगळे मिळून गुलामांच्या मालकांचे पैसे फेडत होते. त्याच २०१५ साली डेव्हिड कॅमेरून जमैकात जाऊन सांगून आले की आता हे मागे टाकून पुढे जाऊ या. कर्ज १८० वर्षं चालतं, दायित्व मात्र मुदतबाह्य होतं, हे कोणत्या हिशेबात बसतं?

‘ज्यांनी सोसलं ते गेले, वंशजांना कसले पैसे?’ हा आक्षेप जास्त गंभीर आहे. जर्मनीने १९५२ पासून ज्यूंना दिलेली भरपाई, अमेरिकेने १९८८ च्या कायद्याने दुसऱ्या महायुद्धात डांबलेल्या जपानी वंशाच्या नागरिकांना दिलेले प्रत्येकी २० हजार डॉलर, ब्रिटनने २०१३ मध्ये केनियातल्या माऊ माऊ बंडाच्या काळातल्या छळाबद्दल मान्य केलेली रक्कम, ही सगळी उदाहरणं मुख्यतः हयात माणसांची आहेत. ती गुलामगिरीला जशीच्या तशी लावणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. म्हणूनच व्यक्तीच्या नावाने धनादेश वाटण्याच्या कल्पनेला माझा विरोध आहे. रक्ताच्या तपासण्या करून कुणात किती आफ्रिका आहे हे ठरवणं म्हणजे त्या नोंदवह्यांचा जातीचा रकाना पुन्हा उघडणं. पण माणसं मरतात तशा संस्था मरत नाहीत. ब्रिटिश राज्य तेच आहे, फ्रेंच राज्य तेच आहे, मळे आणि बँका विलीनीकरणं होत होत चालू आहेत. चर्च ऑफ इंग्लंडने आपल्या जुन्या निधीचा गुलामांच्या व्यापाराशी संबंध होता हे तपासून २०२३ मध्ये १० कोटी पौंड बाजूला काढायचं ठरवलं. तिथेही जुना पाद्री कुणी जिवंत नाही. आणि १८३५ मध्ये मालक मेला असेल तर भरपाई त्याच्या वारसाला मिळत होती. वारसा तेव्हा चालला.

तिसरा आक्षेप मॉरिशसमध्येच ऐकू येतो, आणि तो आपल्या लोकांकडून येतो म्हणून मला तो टाळता येणार नाही. ‘आमच्या आज्यांनीही चाबूक खाल्ला, आम्ही रडत बसलो का? कष्ट केले, वर आलो.’ करारी मजुरांचे हाल खरे होते, इतके की १८३८ मध्ये ही भरती काही वर्षं थांबवावी लागली होती. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुराला फोटोचा परवाना खिशात नसेल तर रस्त्यात पकडता येत होतं. पण वर येण्यासाठी पाय ठेवायला जागा लागते. १८७० च्या दशकापासून साखरेचा धंदा मंदावला तशा मळेवाल्यांनी कडेच्या हलक्या जमिनी तुकड्या-तुकड्यांनी विकायला काढल्या. त्या घेतल्या मुख्यतः भारतीयांनी, कारण मळ्यावर राहून त्यांच्या गाठीला थोडं लागलं होतं आणि मुकादम, म्हणजे तिथले ‘सरदार’, मध्यस्थ म्हणून होते. त्या तुकड्यांवर ऊस आला, उसावर शाळा, शाळेवर सरकारी नोकरी. क्रिओल तोवर मळ्याबाहेर फेकला गेला होता. यात आपल्या माणसाचे कष्ट कमी होत नाहीत. पण ‘आम्ही केलं, तुम्ही का नाही’ हे वाक्य त्या बेटावर उच्चारण्याआधी जमिनीचे दस्त वाचावेत.

मराठी समाजाने तर जास्तच सावध असावं. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सज्जनांना अर्पण केली, त्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवलं म्हणून केली. जोतीरावांचं मन मोठं होतं. पण त्या वेळेपर्यंत अमेरिकेत काय झालं होतं? वॉशिंग्टनमध्ये १८६२ मध्ये गुलाम सोडले तेव्हा मालकांना माणशी ३०० डॉलरपर्यंत दिले गेले. १८६५ च्या जानेवारीत जनरल शर्मनने किनाऱ्यालगतची जमीन चाळीस-चाळीस एकरांनी मुक्त कुटुंबांना द्यायचा हुकूम काढला, आणि वर्ष सरायच्या आत अध्यक्ष जॉन्सनने ती जुन्या मालकांना परत देऊन टाकली. सुटका झाली, जमीन नाही. आपल्याकडे तरी काय वेगळं? पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या, म्हणजे दासींच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी सापडतात. जुन्या गोव्यात भर रस्त्यात माणसांचा लिलाव होत असे. १८३३ च्या कायद्यातून कंपनी सरकारचा मुलूख वगळला होता, इथे १८४३ चा पाचवा कायदा आला आणि कोर्टांनी गुलामीचे हक्क मानायचे नाहीत एवढंच ठरलं. कुणालाच काही मिळालं नाही. ही माणसं कुठे गेली, त्यांचे वंशज आज कोण, याचा शोध घ्यायला आपण आयोग नेमलेला नाही. मॉरिशसने नेमला.

ब्रिटनची अडचण पैशाची नाही हे हिंदी महासागरातल्या चागोस बेटांनी दाखवून दिलं आहे. चागोस बेटांवरचे लोकही नारळाच्या मळ्यांसाठी नेलेल्या गुलामांचेच वंशज. अमेरिकेच्या लष्करी तळासाठी १९६८ ते १९७३ मध्ये ब्रिटनने त्यांना बेटांवरून उचलून मॉरिशस आणि सेशेल्समध्ये आणून सोडलं. पहिली भरपाई साडेसहा लाख पौंड, ती मॉरिशस सरकारकडे गेली आणि लोकांच्या हाती पडायला बरीच वर्षं लागली. तोवर महागाईने ती पोखरली होती. १९८२ मध्ये ४० लाख पौंड मिळाले, तेव्हा परतीचा हक्क सोडल्याच्या इंग्रजी कागदांवर निरक्षर माणसांचे अंगठे घेतले गेले. मे २०२५ मध्ये ब्रिटनने बेटांचं सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर सही केली. तळाचं भाडं म्हणून वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड ठरले, चागोसवासीयांसाठीच्या निधीला एकदाच ४ कोटी. बेटं कुणाची हे ठरत असताना बेटांवरच्या माणसांना टेबलावर खुर्ची नव्हती. १८३५ मध्येही नव्हती. २०२४ च्या ऑक्टोबरात सामोआत राष्ट्रकुलातल्या देशांनी भरपाईच्या न्यायावर बोलायची वेळ आली आहे असं संयुक्त निवेदनात म्हटलं, तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान स्टार्मर यांनी ताबडतोब स्पष्ट केलं की पैशाबद्दल बोलणं नाही. पैशाबद्दल नसेल तर भरपाईची चर्चा कशाबद्दल करायची असते, हे त्यांनी सांगितलं नाही.

मॉरिशसपुरतं मला काय योग्य वाटतं ते सांगतो. २१ लाख पौंडांचे आजचे किती होतात, व्याज सरळ धरायचं की चक्रवाढ, यावर अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडतील. तो आकडा ठरेपर्यंत थांबायची गरज नाही. ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून एक निधी द्यावा, कारण फ्रेंच काळ गाळून हा हिशेब पुरा होत नाही. तो पैसा क्रिओल वस्त्यांतल्या घरांना, शाळांना आणि मोझांबिक-मादागास्करमधल्या दफ्तरांच्या शोधाला जावा, सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत नाही. चागोसचा पहिला हप्ता त्या तिजोरीत कसा अडकला हे पाहिल्यावर एवढी खबरदारी घ्यायलाच हवी. क्रिओल ही बहुतेक सगळ्या बेटाची घरची भाषा आहे. निदान जमिनीच्या कोर्टात तरी तिच्यात अर्ज स्वीकारला जावा.

पण पहिलं काम देशातल्या देशात होण्यासारखं आहे आणि त्याला लंडनची परवानगी लागत नाही. आपल्याकडे १९४८ च्या कूळकायद्याने कसणाऱ्याचा हक्क मानला आणि वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावावर असलेली जमीन कुळाच्या नावावर चढू लागली. गावोगाव रडारड झाली, पळवाटा निघाल्या, तरी कायदा झाला. मॉरिशसच्या संसदेत भारतीय वंशाच्या सदस्यांचं बहुमत आहे. त्यांनी आयोगापुढे आलेल्या दाव्यांपुरती तीस वर्षांच्या वहिवाटीची तरतूद स्थगित करावी आणि पुराव्याचा भार उलटवावा. दावेदाराने आपलं कुटुंब आणि जागा दाखवायची, मूळ दस्त मळ्याच्या कंपनीने हजर करायचा. दस्त नसेल तर जमीन दावेदाराची, आणि तिथे आज हॉटेल उभं असेल तर बाजारभावाने मोबदला. मोजणीचा आणि वकिलाचा खर्च साखर आणि हॉटेल कंपन्यांवरच्या उपकरातून निघू शकतो. तिथल्या मराठी, तेलुगू, तमिळ, भोजपुरी संस्थांनी हा ठराव आपापल्या सभांत मंजूर करून सरकारकडे पाठवला, तर तो अडवणं कुठल्याही पंतप्रधानाला जड जाईल.